नारळ फुटतो कधी, ऐकू येतो कधी

आत्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट 1991 ची. इतक्या पावसाळ्यांनंतर फितीच्या कडेला बुरशीचे पांढरे ठिपके दिसू लागले, तेव्हा ती साफ करून घेतली, संगणकावर उतरवली आणि तिची डीव्हीडी केली. सुरुवात छान होती. गणपतीपुढे नारळ फुटला त्याच क्षणी त्याचा आवाज आला. अंतरपाट दूर झाला तेव्हा मात्र टाळ्या हातांपेक्षा किंचित उशिरा वाजल्या. पंगतीत आत्यानं उखाणा घेतला तोवर तिचे ओठ मिटून जायचे आणि नाव मागून ऐकू यायचं. आजी एवढंच म्हणाली, "ही आपली पोर बोलतेय असं वाटतच नाही."

आजी म्हणाली ते अगदी खरं होतं. बोलणं आपण फक्त कानांनी ऐकत नाही. हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड यांनी 1976 मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. पडद्यावरचे ओठ 'गा' म्हणत होते, आवाज 'बा'चा होता आणि ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना 'दा' ऐकू आला. डोळे आणि कान यांच्या बातम्या मेंदू एकत्र बांधतो. ही गाठ सुटली की माणूस आणि त्याचा आवाज वेगवेगळे होतात.

गाठ किती सैल चालते? याचं उत्तर दोन्ही बाजूंना सारखं नाही. दूरचित्रवाणीसाठीच्या 1998 च्या एका आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येऊ लागतं. तोच मागे पडला तर 125 मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. मैदानाच्या कडेला बसून क्रिकेट पाहणाऱ्याला हे नवीन नाही. चेंडू बॅटला लागलेला आधी दिसतो, 'टक्' नंतर येतं. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर चालतो, म्हणजे 70 मीटरवरून यायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मागून येणाऱ्या आवाजाची सवय आपल्याला जन्मापासून आहे. दिसण्याआधी ऐकू येणारा आवाज निसर्गात भेटतच नाही, म्हणून तो लगेच खुपतो.

आता डीव्हीडीच्या आत काय चालतं ते पाहू. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं असतात, म्हणजे एक चित्र 40 मिलिसेकंदांचं. डॉल्बी डिजिटल आवाजाचा एक तुकडा 1536 नमुन्यांचा. सेकंदाला 48,000 नमुने धरले तर तो 32 मिलिसेकंद चालतो. चित्राचा शेवट आणि आवाजाचा शेवट एकाच ठिकाणी येतो तो दर 160 मिलिसेकंदांनी, चार चित्रं आणि पाच तुकडे संपल्यावर. त्यामुळे दोन प्रसंग जोडताना आवाजाचा थोडासा तुकडा उरतो किंवा कमी पडतो. चांगलं सॉफ्टवेअर ही उधारी लिहून ठेवतं आणि पुढच्या जोडावर फेडतं. बेफिकीर सॉफ्टवेअर तुकड्याला तुकडा चिकटवत जातं आणि उधारी साचत राहते. हिशेब ठेवायची सोय डीव्हीडीत आहे: चित्र आणि आवाजाच्या प्रवाहात जागोजागी वेळेचे शिक्के मारलेले असतात आणि ते सेकंदाचे 90,000 भाग करणाऱ्या घड्याळावर मोजलेले असतात. जुन्या एव्हीआय फाइलीत असे शिक्के नसतात. तिथे चित्रं मोजूनच वेळ ठरते, म्हणून एखादं चित्र गळालं की पुढचं सगळं सरकतं.

दुरुस्तीला हात घालण्याआधी मोजमाप हवं. सिनेमावाले त्यासाठी क्लॅप वापरतात. आपल्या लग्नात ती आपोआप मिळते. मी तीन जागा धरल्या: नारळ, अंतरपाटानंतरची टाळी आणि उखाण्यानंतरची टाळी. नारळापाशी फरक शून्य. 40 मिनिटांनी आवाज 6 चित्रं मागे. दोन तासांनी 18 चित्रं मागे. फरक इतका एकसारखा वाढत असेल तर चूक घड्याळाची असते. चित्र पकडणारं कार्ड एका स्फटिकावर चालतं, आवाज पकडणारं दुसऱ्या. आवाजाच्या कार्डानं सेकंदाला 48,000 ऐवजी जवळजवळ 48,005 नमुने घेतले होते. दहा हजारांत एक इतकी ही चूक दोन तासांत पाऊण सेकंदाच्या जवळ जाते. उपाय सोपा: आवाजाची फाइल तेवढ्याच प्रमाणात आखूड करायची. सूर बदलतो, पण कोणत्याही कानाला कळणार नाही इतका.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक तेवढाच असेल, तर आवाज नुसता पुढे किंवा मागे सरकवला की झालं. फरक मध्येच उडी मारून वाढत असेल, तर फीत उतरवताना चित्रं गळाली आहेत असं समजावं. 25 गळाली तर एक सेकंद गेला. तिथे ताणून-आखडून काही होत नाही. प्लेअरचं हेड साफ करून कॅसेट पुन्हा उतरवावी, मी तरी तेच करतो. आवाज चिरका होऊन तासाचा कार्यक्रम 55 मिनिटं साडेसात सेकंदांत संपत असेल, तर कुणीतरी 44,100 नमुन्यांचा आवाज न बदलता त्यावर 48,000 ची चिठ्ठी लावली आहे. आजकाल मोबाईलवरचं शूटिंगही डीव्हीडीसाठी येतं. त्यात सेकंदाला किती चित्रं हे मध्येच बदलतं, म्हणून आधी ते ठरावीक 25 वर आणावं.

सॉफ्टवेअर निवडताना बहुतेकजण मेनू पाहतात: फुलांची चौकट, मागे वाजणारी सनई. मला ते दुय्यम वाटतं. मी आधी विचारतो की तयार एमपेग-2 फाइल ते पुन्हा न दळता घेतं का, आवाजाची फाइल वेगळी जोडता येते का, आणि डिस्क लिहिण्याआधी व्हिडिओ-टीएस फोल्डर हार्डडिस्कवर ठेवतं का. एका बटणात सगळं करणारी सॉफ्टवेअरं चूक कुठे झाली ते दिसूच देत नाहीत. अडोबी एन्कोर आणि अ‍ॅपलचं डीव्हीडी स्टुडिओ प्रो कधीच बंद झाली. घरच्या कामाला मी डीव्हीडीस्टायलर सुचवेन; ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. आवाज दुरुस्त करायचा ऑडॅसिटीत, चित्र-आवाज एकत्र बांधायचे एफएफएमपेगनं, आणि डीव्हीडीस्टायलरकडे फक्त प्रकरणं आणि मेनू सोपवायचे.

तपासणी मात्र दुसऱ्याकडून करून घ्या. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की काही मिनिटं ठरावीक उशिराचा आवाज ऐकत राहिलं की मेंदू त्यालाच 'एकाच वेळी' मानू लागतो. रात्रभर तीच टाळी पाहणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही ती त्यामुळे. पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर आधी उतरवा आणि संगणकावर व टीव्हीवर, दोन्हीकडे लावून पाहा. नवे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करताना ते उशिरा दाखवतात. आवाज वेगळ्या स्पीकरवर असेल तर तो पुढे धावतो आणि दोष डीव्हीडीवर येतो.

दुसरी प्रत मी आजीलाच दाखवली. उखाण्यापाशी ती हसली आणि पुढे बघत राहिली. नंतर मोजलं, तर शेवटच्या टाळीत आवाज अजून एक चित्र मागे होता, 40 मिलिसेकंद. तो मी तसाच ठेवला.