सहा वेळा फासा टाकला, तर सहा पडणारच का?

लुडोत सोंगटी घराबाहेर काढायची तर सहाचं दान पडावं लागतं. फाशाला सहा बाजू, त्यातली एकच आपल्या कामाची. म्हणून सहा पडण्याची संभाव्यता 1/6. हा अपूर्णांक 100 ने गुणला की मिळतात 16.67 टक्के. फासा पुष्कळ वेळा टाकत राहिलं, तर दर शंभर वेळांमागे साधारण सतरा वेळा सहा येईल, असा याचा अर्थ.

मग सहा वेळा टाकला तर 16.67 गुणिले 6, म्हणजे 100 टक्के? हा हिशेब पटण्यासारखा वाटतो, पण तो चूक आहे. तसं असतं तर सात वेळा टाकल्यावर जवळपास 117 टक्के झाले असते आणि संभाव्यता 100 टक्क्यांच्या पुढे जाऊच शकत नाही.

इथे उलट्या बाजूने मोजावं लागतं. एका वेळी सहा न पडण्याची संभाव्यता 5/6. प्रत्येक वेळचं दान आधीच्या दानावर अवलंबून नसतं, म्हणून 5/6 ला 5/6 ने गुणत जायचं. सहा वेळांसाठी उत्तर येतं 33.49 टक्के. ते शंभरातून वजा केलं की उरतात 66.51 टक्के. म्हणजे शंभर मुलांनी प्रत्येकी सहा वेळा फासा टाकला, तर साधारण तेहतीस जणांना एकदाही सहा मिळणार नाही!

फ्रान्समध्ये 1654 साली असाच एक प्रश्न गाजला. लेखक शेव्हालिए द मेरे यांनी तो गणितज्ञ ब्लेझ पास्कल यांच्यापुढे मांडला, आणि पास्कल यांनी दुसरे गणितज्ञ पिएर द फर्मा यांना पत्रातून कळवला. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा मिळवण्याची पैज फायद्याची. मग दोन फासे चोवीस वेळा टाकून एकदा तरी दोन्हींवर सहा मिळवण्याची पैजही तितकीच फायद्याची असायला नको का? पहिल्याचा अपूर्णांक 671/1296. दुसऱ्याच्या छेदात तर तब्बल 38 अंकी संख्या येते. नुसतं बघून यांची तुलना कोण करणार? दोन्हींचा छेद 100 केला, की चित्र स्पष्ट होतं: पहिली संभाव्यता 51.77 टक्के, दुसरी 49.14 टक्के. एक निम्म्याच्या वर, दुसरी निम्म्याच्या खाली. पास्कल आणि फर्मा यांच्या त्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला.

हवामानाच्या अंदाजातली टक्केवारीही अशीच वाचायची. ‘पावसाची शक्यता 70 टक्के’ म्हटलं, की कोरडं राहण्याची 30 टक्के शक्यता त्यातच आली. त्यामुळे एक दिवस पाऊस हुकला म्हणून अंदाज चुकला असं ठरत नाही. ज्या ज्या दिवशी 70 टक्के सांगितले होते, त्यातल्या दर शंभर दिवसांपैकी सुमारे सत्तर दिवस पाऊस पडला का, हे तपासायचं. वहीत नोंद ठेवून हे तुम्हालाही करता येईल.