'वडील काय करतात?'

आमच्या वस्तीतले एक काका सत्तरच्या दशकात राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. भेटले की मला ऐकवतात, "तुझी पोरं पदवी घेतात, पण साधा अर्ज लिहिता येत नाही. चारचौघांत तोंड उघडत नाहीत." तक्रार खोटी नाही. मी पदवीच्या वर्गांना वाणिज्य शिकवतो, आणि माझ्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हता. ही उणीव मी बाकावर बसूनही पाहिली आहे आणि फळ्याजवळ उभा राहूनही.

परंतु काकांची पिढी तरी तयार होऊन नोकरीत गेली होती काय? १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शाखा खेडोपाडी गेल्या, माणसे लागली, पुढे राखीव जागा आल्या. काकाच सांगतात, सुरुवातीचे सहा महिने त्यांना फोन उचलायची भीती वाटे. खातेवहीतली चूक शेजारचा कारकून दुरुस्त करून देई. प्रोबेशन होते, युनियन होती, चुकायला मुभा होती. म्हणजे तयारी झाली ती नोकरीत शिरल्यावर. काका नेमके हेच विसरतात.

आज माझा विद्यार्थी अकरा महिन्यांच्या करारावर लागतो. मालकाला तो शिकलेलाच हवा असतो. मग शिकवायचे कोणी? घराने! इंग्रजी, फोनवर बोलण्याची ढब, ईमेलचा मायना हे ज्याच्या घरात आहे तो 'तयार', ज्याच्या घरात नाही तो 'अपात्र'. आणि याचे नाव गुणवत्ता.

२००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले; फरक होता तो नावांचा. दलित नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. त्याच वर्षी अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांबाबत लिहिले. मुलाखतीत 'घरची पार्श्वभूमी' विचारली जाते आणि दलित मुले तिथे अडखळतात, हे त्यांना आढळले.

माझ्या एका विद्यार्थिनीला एका कार्यालयात विचारले, "वडील काय करतात?" ती म्हणाली, "सेंट्रिंगचं काम." पुढे हिशेबाचा एकही प्रश्न आला नाही. टॅलीत ती वर्गात पहिली होती. परत येऊन तिने मला विचारले, "सर, खोटं सांगायला हवं होतं का?" मला उत्तर सुचले नाही.

आमच्याकडेही दोष आहेच. तीन वर्षांत विद्यार्थ्याला वर्गात उभे राहून पाच मिनिटे बोलावे लागत नाही. गाईड पाठ करून तो पास होतो आणि आम्ही निकालाची टक्केवारी मिरवतो. आता दर शनिवारी मी मुलांकडून पत्रे लिहून घेतो, फोनवर बोलायला लावतो. गेल्या शनिवारी काकांना बोलावले. फोनच्या भीतीची गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. मुले हसली आणि मग बोलू लागली.

पुढच्या खेपेला काका सराव म्हणून मुलाखती घेणार आहेत. वडिलांचा धंदा विचारायचा नाही, असे मी त्यांना म्हणालो. "विचारणारच," ते म्हणाले. "बाहेर विचारतात, तर इथं सवय होऊ दे." यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.