स्वयंस्वाक्षरित प्रमाणपत्रे : निर्मिती आणि मर्यादा

संगणकांच्या जाळ्यावरून होणारा व्यवहार सुरक्षित राखावयाचा, तर दोन प्रश्न सोडवावे लागतात. मजकूर तिऱ्हाइतास वाचता येणार नाही अशा रूपात कसा पाठवावा, हा पहिला. आणि पलीकडचा पक्ष तो स्वतःस म्हणवितो तोच आहे हे कशावरून ओळखावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गणिताने दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर केवळ गणितातून निघत नाही. स्वयंस्वाक्षरित प्रमाणपत्रांची उपयुक्तता व मर्यादा या दोहोंचे मूळ या भेदातच आहे.

डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. तीनुसार प्रत्येकाजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. पैकी एक जगजाहीर करावयाची, दुसरी स्वतःपाशी गुप्त ठेवावयाची. गुप्त किल्लीने केलेली स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीच्या साह्याने कोणासही पडताळता येते. सर्वांच्या सार्वजनिक किल्ल्या एका सूचीत ठेवाव्यात, अशी मूळ योजना होती. कोह्नफेल्डर यांनी १९७८ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीस सादर केलेल्या प्रबंधिकेत तिला पर्याय सुचविला : नाव आणि किल्ली एकत्र लिहून त्यावर विश्वासू पक्षाने स्वाक्षरी करावी. हेच प्रमाणपत्र होय. त्याचा आराखडा १९८८ साली ‘एक्स.५०९’ या मानकाने निश्चित केला.

प्रमाणपत्रात धारकाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदत, अनुक्रमांक, प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव आणि त्याची स्वाक्षरी इतक्या बाबी असतात. जेथे देणारा आणि धारक एकच असून स्वाक्षरीही त्याच्याच गुप्त किल्लीने केलेली असते, ते प्रमाणपत्र स्वयंस्वाक्षरित ठरते. असे प्रमाणपत्र म्हणजे काही गौण प्रकार नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे. प्रमाणपत्रांची साखळी कोठेतरी थांबावी लागते, आणि ती जेथे थांबते तेथील मूळ प्रमाणपत्र स्वयंस्वाक्षरितच असते. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये नेमलेला प्रमाणन प्राधिकाऱ्यांचा नियंत्रक परवानाधारक प्राधिकाऱ्यांच्या किल्ल्या प्रमाणित करतो. त्याचे मूळ प्रमाणपत्रही याच जातीचे आहे.

मग भेद कोणता? ऐतिहासिक पत्रावरील शिक्का खरा की बनावट हे ठरविताना संशोधक तो निर्विवाद अशा दुसऱ्या पत्रावरील शिक्क्याशी ताडून पाहतो. शिक्का स्वतःच स्वतःची ग्वाही देऊ शकत नाही. तद्वत् स्वयंस्वाक्षरित प्रमाणपत्रावरील विश्वास बाहेरून यावा लागतो. प्रसिद्ध प्राधिकाऱ्यांची मूळ प्रमाणपत्रे ब्राउझरमध्ये आधीच ठेवलेली असतात. आपण घडविलेले तेथे नसते, म्हणून ब्राउझर धोक्याची सूचना देतो.

एखाद्या विभागास आपल्या अंतर्गत सर्व्हरसाठी व वापरकर्त्यांसाठी प्रमाणपत्रे हवी असल्यास ‘ओपनएसएसएल’ या मुक्त साधनाने ती सहज करता येतात. प्रत्येक सर्व्हरसाठी निराळे स्वयंस्वाक्षरित प्रमाणपत्र करण्यापेक्षा एकच मूळ प्रमाणपत्र घडवून त्याखाली इतर सर्व प्रमाणित करणे श्रेयस्कर. कारण मग प्रत्येक संगणकावर एकाच वस्तूवर विश्वास नोंदवावा लागतो. काटेकोरपणे पाहता अशा वेळी स्वयंस्वाक्षरित असते ते केवळ मूळ प्रमाणपत्र.

प्रथम मूळ किल्लीची जोडी निर्माण करावी. तिची गुप्त किल्ली परवलीच्या शब्दाने बंद करून जाळ्याशी न जोडलेल्या संगणकावर ठेवावी. तिने स्वाक्षरित केलेल्या मूळ प्रमाणपत्रात, हा धारक इतरांस प्रमाणित करू शकतो, अशी नोंद असावी. शक्य तर विभागाच्या नावांपुरतीच त्याची सत्ता मर्यादित करावी. त्यानंतर सर्व्हरवर स्वतंत्र जोडी निर्माण करून तिची सार्वजनिक किल्ली व नाव यांचा विनंतिअर्ज तयार करावा आणि त्यावर मूळ किल्लीने स्वाक्षरी करावी. सर्व्हरचे नाव ‘पर्यायी नावे’ या सदरात लिहिणे आवश्यक आहे. ते केवळ ‘सामान्य नाव’ या जुन्या सदरात असल्यास आजचे प्रमुख ब्राउझर ग्राह्य धरीत नाहीत. क्रोमने ही सवलत २०१७ साली काढून घेतली. किल्ली आरएसए पद्धतीची असल्यास किमान २०४८ बिटांची, आणि स्वाक्षरीसाठी ‘एसएचए-२५६’ वापरावे. ‘एसएचए-१’ची दुर्बलता २०१७ साली प्रत्यक्ष उदाहरणाने सिद्ध झाली आहे.

वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राची रीत हीच. मात्र त्यात उपयोगाच्या सदरात सर्व्हरऐवजी ग्राहकाची ओळख नोंदवावयाची. येथे एक पथ्य कसोशीने पाळले पाहिजे. किल्ल्यांची जोडी वापरकर्त्याने स्वतःच्या संगणकावर निर्माण करावी आणि विभागाकडे केवळ विनंतिअर्ज पाठवावा. व्यवस्थापकानेच गुप्त किल्ली घडवून वाटली, तर त्या स्वाक्षरीचा धनी कोण, हे निश्चयाने सांगता येणार नाही.

सर्वांत दुर्लक्षित पायरी वाटपाची. मूळ प्रमाणपत्र संगणकावर बसविण्यापूर्वी त्याचा हॅश-ठसा निराळ्या मार्गाने, उदाहरणार्थ समक्ष वा छापील कागदावर, ताडून पाहावा. ही पायरी गाळून वापरकर्त्यांस ‘सूचना आली तरी पुढे जा’ असे शिकविले, की मजकूर सांकेतिक राहतो खरा, परंतु मध्येच बसलेल्या तोतयाशीच आपण गुप्त संभाषण करीत असू. शिवाय ही सवय विभागापुरती राहत नाही. बँकेच्या पृष्ठावर तीच सूचना आली तरी बोट आपोआप पुढे जाते.

किल्लीचा गैरवापर झाल्यास काय होते, याचे उदाहरण प्रसिद्ध प्राधिकाऱ्यांतही आहे. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्राधिकाऱ्याच्या यंत्रणेत घुसून गुगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र काढण्यात आले. ब्राउझरांनी त्याची मान्यता काढून घेतली व त्याच वर्षी त्या संस्थेचे दिवाळे निघाले. विभागाच्या किल्लीचा पसारा लहान असला तरी न्याय तोच आहे. म्हणून मुदत अल्प ठेवावी, दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही राखावी, आणि वापरकर्ता विभाग सोडून गेला की त्याचा अनुक्रमांक रद्द-सूचीत घालून ती सूची सर्व्हरकडे पोचवावी.

सारांश, ही प्रमाणपत्रे प्रयोगशाळा, चाचणी व बंदिस्त वर्तुळ यांस योग्य होत. अपरिचितांसाठी खुल्या असलेल्या सर्व्हरास मान्य प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र घ्यावे. लेट्स एन्क्रिप्टची सेवा २०१५ साली सर्वांस खुली झाल्यापासून खर्चाची सबबही उरलेली नाही. कायद्याने मान्य अशा अंकीय स्वाक्षरीसाठी परवानाधारक प्राधिकाऱ्याचेच प्रमाणपत्र लागते. किल्ल्या घडविणे हे काही क्षणांचे काम आहे; त्यांवरील विश्वास मात्र माणसांनाच जोपासावा लागतो.