कूलंटचा रंग नंतर, आधी पाणी बघा

"आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय? रेडिएटरला साधं पाणी बास." जयसिंगपूर-शिरोळ भागात नवीन गाडी घेतलेल्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. त्यातलं बर्फाचं म्हणणं खरं आहे. इथल्या थंडीत रेडिएटर गोठत नाही. पुढचा भाग मात्र इंजिनाच्या मुळावर येतो, आणि आपल्या तालुक्यात तर जरा जास्तच.

निव्वळ उष्णता वाहून न्यायची म्हटली तर पाणी कूलंटपेक्षा सरस आहे, हे आधी मान्य करू. पाणी आणि इथिलिन ग्लायकॉल निम्मं-निम्मं मिसळलं की त्या मिश्रणाची उष्णता धरण्याची ताकद पाण्याच्या जेमतेम ८० टक्क्यांवर येते. पण ते उकळतं साधारण १०७ अंशांना, आणि झाकणाच्या दाबाखाली सव्वाशे अंशांच्या आसपास. रत्नागिरीहून परतताना साखरप्याच्या पुढं भरल्या गाडीनं आंबा घाट चढायचा असेल, तर ही जादा सवड कामाला येते. आणि कूलंटचं खरं मोल आहे त्यातल्या गंजरोधक रसायनांत. अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनीच्या काळी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा असायचा. घाटात थांबून कॅनमधलं पाणी ओतलं तरी निभून जायचं. आजच्या गाडीचा सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचा, रेडिएटरही अ‍ॅल्युमिनियमचा. सवय मात्र जुनीच राहिली.

आता पाण्याकडं येऊ. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षं बेसुमार पाणी देऊन हजारो एकर जमीन क्षारपड झाली, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. बोअरचं पाणी त्याच मातीतून येतं. घरच्या गिझरची कॉइल काढून बघा: पांढरा, खडबडीत थर असा चिकटलेला असतो की नखानं खरवडून निघत नाही. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांची आतली फट एक-दोन मिलिमीटरची. तिथं हाच थर बसला की पाणी फिरायलाच वाट राहत नाही. शिवाय पाण्यातलं क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. मग "रेडिएटर चोक झालाय" किंवा "हेड खाल्लाय" असं मेस्त्री सांगतो तेव्हा आपण कंपनीला दोष देतो.

म्हणून कूलंटचं कॉन्सन्ट्रेट घेतलं तर ते डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाण्यातच मिसळावं. दुकानात ते बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं. मागताना नीट सांगा, बॅटरीचं अ‍ॅसिड वेगळं. घरच्या आरओचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ बरं, पण त्यातही थोडे क्षार राहतात. हा सगळा व्याप नको असेल तर तयार मिसळलेलं प्रीमिक्स घ्यावं. माझं मत विचाराल तर आपल्या भागात प्रीमिक्सच घ्यावं, थोडं महाग पडलं तरी.

"हिरवं होतं, हिरवंच टाका" हा दुसरा पक्का समज. रंग म्हणजे निव्वळ डाय. कोणत्या रसायनाला कोणता रंग, असा सर्वमान्य नियम नाही. होंडाचं टाइप टू निळं आणि फोक्सवॅगनचं जुनं जी ११ निळं-हिरवं. पण पहिल्यात सिलिकेट नाही, दुसऱ्यात आहे. जपानी कंपन्या सहसा फॉस्फेट वापरतात आणि सिलिकेट टाळतात. युरोपातल्या कंपन्यांचं उलट, कारण तिकडचं पाणी जड, आणि फॉस्फेटची कॅल्शियमशी गाठ पडली की साका तयार होतो. आपल्या बोअरच्या पाण्यालाही हेच लागू पडतं. न जुळणारी कूलंट एकत्र आली की गंजरोधक कमकुवत होतात. कधी चिकट गाळही साचतो. तेव्हा गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा, त्यातलं स्पेसिफिकेशन आणि बदलायची मुदत वाचा, आणि डब्यावर तेच शोधा. भारतीय मानक आयएस ५७५९ आहे, जपानी जेआयएस के २२३४. नुसतं "सर्व गाड्यांसाठी" असं छापलं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका.

मुदतीचंही तसंच. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, ऑर्गॅनिक अ‍ॅसिडवालं पाच वर्षांपर्यंत किंवा जास्तही. रंग ताजा दिसतो म्हणून आतले गंजरोधक शिल्लक असतीलच असं नाही.

कॉन्सन्ट्रेट निर्भेळ ओतलं की गाडी जास्त गार राहते, हाही भ्रम. पाणी नसलं की उष्णता कमी वाहून नेली जाते.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅटच काढून टाकायचा सल्ला अजून ऐकू येतो, त्याला ठाम नकार द्या. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो आणि इंजिनाला नेमक्या तापमानावर ठेवतो. तो काढला की इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. गाडी तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं.

टाकीतली पातळी मिनच्या खाली वारंवार जात असेल तर ओतत राहू नका. ही बंद यंत्रणा आहे. कमी होतंय म्हणजे पाइप, पंप, रेडिएटर किंवा हेड गॅस्केटमधून कुठंतरी जातंय. घाटात अडकलात तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर पिण्याचं पाणी ओतून गाडी गॅरेजपर्यंत न्या, पण नंतर ते काढून कूलंट भरून घ्या. तापलेलं झाकण उघडायचं नाही. दाब सुटला की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

काढलेलं जुनं कूलंट गटारीत किंवा शेताच्या कडेला ओतू नका, गॅरेजवाल्याकडंच जमा करा. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं, त्यामुळं कुत्री-मांजरं ते चाटतात. आणि ते विष आहे, मूत्रपिंडं निकामी करतं. उरलेलं कूलंट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची पद्धत म्हणूनच धोक्याची. मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. कुणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी त्रास दिसायची वाट न बघता डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.