वेष्टनातली अट आणि देशोदेशींची कोर्टं

2002च्या सुमाराला आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाची वेबसाइट मी एका रात्रीत उभी केली होती. डावीकडे सरकत जाणारा मथळा, तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारा काउंटर, आणि मराठी मजकूर चक्क चित्र म्हणून चिकटवलेला. कारण समोरच्याच्या संगणकावर आपला फॉन्ट नसला की अक्षरांची खिचडी व्हायची. अवजार होतं मायक्रोसॉफ्टचं फ्रंटपेज. सीडी कुठून आली होती ते विचारू नका. परवाना वाचायचा तर प्रश्नच नव्हता. ‘मान्य’ या अर्थाच्या बटणावर टिचकी मारली की काम झालं.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की फ्रंटपेज 2002च्या त्या न वाचलेल्या परवान्यात एक अजब अट होती. मायक्रोसॉफ्ट, एमएसएन, एमएसएनबीसी किंवा एक्स्पीडिया यांची किंवा त्यांच्या मालाची नालस्ती करणाऱ्या साइटसाठी हे सॉफ्टवेअर वापरायचं नाही. त्याच वाक्यात पुढे असंही होतं, की साइटनं राज्याचा, केंद्राचा किंवा आंतरराष्ट्रीय कायदा मोडता कामा नये आणि वंशद्वेष, अश्लीलता यांचा प्रसार करता कामा नये. 2001 साली ‘इन्फोवर्ल्ड’मध्ये एड फॉस्टर या स्तंभलेखकानं ती अट चव्हाट्यावर आणली. कंपनीचं म्हणणं पडलं की ही अट फक्त बातम्या, नकाशे वगैरे दाखवणाऱ्या तयार जोडभागांपुरती आहे. असेलही. पण वाक्यात शब्द ‘सॉफ्टवेअर’ असा होता, आणि कोर्टात वाक्य वाचलं जातं, मनातला हेतू नंतर.

जुन्या छापखान्यात हेच घडलं असतं तर? जावजी दादाजींच्या निर्णयसागर फाउंड्रीतले खिळे घेऊन आलेल्या मुद्रकाला पुडीत चिठ्ठी मिळाली असती की ‘या खिळ्यांनी आमच्याविरुद्ध काही जुळवायचं नाही’, तर त्या चिठ्ठीचा बोळा करून त्यानं पहिल्यांदा काय छापलं असतं ते सांगायला नको. खिळा विकला की विकला. सॉफ्टवेअरचं मात्र तसं नाही. ते विकत नाहीत, वापरायला देतात, असा कंपन्यांचा दावा. भाडेकरूला घालाव्यात तशा अटी तिथूनच सुरू होतात.

अशी अट टिकते का? याचं उत्तर अटीत नसतं, ती कुठल्या कोर्टापुढे उभी राहते त्यात असतं. अमेरिकेतला याबाबतचा गाजलेला निकाल 1996चा आहे. प्रोसीडी नावाच्या कंपनीनं तीन हजारांहून जास्त टेलिफोन डिरेक्टऱ्यांतली माहिती गोळा करून सीडीवर विकायला काढली. घरगुती वापरासाठी स्वस्त, धंद्यासाठी महाग. विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यार्थ्यानं स्वस्तातली सीडी घेतली, आतली माहिती इंटरनेटवर टाकली आणि पैसे घेऊन दाखवायला लागला. नावं आणि फोन नंबर या निव्वळ तथ्यांवर कॉपीराइट नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1991मध्येच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे खालच्या कोर्टात विद्यार्थी जिंकला. अपिलात मात्र न्यायमूर्ती ईस्टरब्रुक यांनी निकाल फिरवला: अटी खोक्याच्या आत असल्या तरी आत अटी आहेत हे बाहेर लिहिलं होतं, पटत नसेल तर माल परत करायची मुभा होती, तेव्हा वापरलंत म्हणजे मान्य केलंत. कायद्यानं जी माहिती कुणाच्याच मालकीची नव्हती, ती वेष्टनातल्या कागदानं कुलूपबंद झाली.

गंमत अशी, की त्याच वर्षी युरोपीय संघानं डेटाबेससाठी वेगळा हक्कच तयार केला. माहिती जमवायला भरीव खर्च केला असेल तर 15 वर्षं संरक्षण, वेष्टन असो वा नसो. उलट ग्राहकाच्या बाजूला युरोप अमेरिकेपेक्षा कडक. छापील अटींतल्या अन्याय्य कलमांवर तिथे 1993 पासून निर्देश आहे. जर्मन कायद्यात तर अशी तरतूद आहे की ग्राहकाला अपेक्षाच नसेल असं विलक्षण कलम छापील अटींत दडवलं असेल, तर ते कराराचा भाग होतच नाही. वेबपेज बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये विक्रेत्याच्या निंदेला बंदी असेल अशी अपेक्षा कोण करेल? माझ्या मते फ्रंटपेजची अट म्युनिकच्या कोर्टात पायरीवरच अडखळली असती.

अमेरिकेतही सगळं कंपनीच्या मनासारखं होत नाही. नेटवर्क असोसिएट्स, म्हणजे मॅकअॅफीवाले, आपल्या परवान्यात पूर्वपरवानगीशिवाय परीक्षण छापू नका असं बजावत असत. न्यूयॉर्कचे अॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी 2002मध्ये खटला भरला आणि 2003च्या जानेवारीत कोर्टानं ते कलम बंद पाडलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती तिथे कामाची नव्हती, कारण ती सरकारचे हात बांधते, कंपनीचे नाही. कामी आला तो ग्राहकांची फसवणूक रोखणारा राज्याचा कायदा. ग्राहकाचं तोंड बंद करणारी छापील कलमं देशभर रद्दबातल ठरवायला मात्र 2016 उजाडलं.

फ्रंटपेजच्या अटीतला ‘कायदा मोडता कामा नये’ हा भाग वरवर निरुपद्रवी वाटतो. पण वेबसाइट एका गावात उभी राहते आणि सगळ्या जगात दिसते. मग कायदा कुणाचा? 2000 साली पॅरिसच्या कोर्टानं याहूला बजावलं की नाझी स्मृतिवस्तूंचा लिलाव फ्रेंच लोकांना दिसता कामा नये. मुदतीनंतर रोज एक लाख फ्रँक दंड. त्याच वस्तूंची विक्री अमेरिकेत कायदेशीर होती. याहूनं 2001च्या सुरुवातीला असे लिलाव बंद तर केले, पण कॅलिफोर्नियात दादही मागितली. तिथल्या कोर्टानं आधी फ्रेंच हुकूम इथे चालणार नाही असं सांगितलं. 2006मध्ये अपिलात याहूचा दावाच फेटाळला गेला. दोन देशांच्या न्यायाधीशांना सहा वर्षं ज्यावर एकमत जमलं नाही, ते एका वाक्याच्या अटीत गृहीत धरलं होतं.

चांगल्या हेतूच्या अटींचीही हीच गत. जेसन (JSON) या माहिती देवाणघेवाणीच्या रचनेच्या सॉफ्टवेअर परवान्यात डग्लस क्रॉकफर्ड यांनी लिहून ठेवलं की हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको. वाचून हसू येतं. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या लोकांना आलं नाही. वाईट म्हणजे काय हे कोण ठरवणार, म्हणून त्यांनी असा कोड मुक्त सॉफ्टवेअरच्या यादीबाहेर ठेवला. ओपन सोर्सच्या व्याख्येत कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव करायचा नाही असं कलमच आहे. काहींना ते निर्दयी वाटतं, मला शहाणपणाचं वाटतं. अवजार देणाऱ्यानं अवजारापुरतं बोलावं.

आपल्याकडे 1872च्या करार कायद्याचं कलम 23 सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार निरर्थक ठरवतं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ हा शब्दच आला आहे, आणि ग्राहकावर अवास्तव अट लादणारा करार त्यात बसतो. तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे किंवा त्याच्या वर न्यावी लागते. शिवाय धंद्यासाठी वापरणारा सहसा ‘ग्राहक’ ठरत नाही. म्हणजे घरच्या पाककृतींची साइट चालवणाऱ्या गृहिणीला जो आधार, तो तिचं मसाल्यांचं दुकान ऑनलाइन झालं की सुटू शकतो.

फ्रंटपेज 2006मध्ये मायक्रोसॉफ्टनं बंद केलं. आमची गणेशोत्सवाची साइट त्याआधीच गेली. अटी मात्र आहेत, आता त्या फॉन्टच्या, फोटोंच्या आणि वेबसाइट बनवून देणाऱ्या सेवांच्या परवान्यांत असतात. मायक्रोसॉफ्टच्या त्या काळच्या परवान्यांत शेवटाकडे एक परिच्छेद असे: अमेरिकेत घेतलं तर वॉशिंग्टन राज्याचा कायदा, कॅनडात घेतलं तर ऑन्टेरिओचा, इतरत्र घेतलं तर तिथला स्थानिक कायदा लागू होऊ शकेल. पुढचा परवाना समोर आला की सगळा नका वाचू, कुणीच वाचत नाही. तेवढा शेवटाकडचा परिच्छेद वाचा आणि कुठला कायदा, कुठल्या गावचं कोर्ट लिहिलंय ते बघून ठेवा.