उपग्रहाचा रेडिओ वावरात पोचला का?

अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीत कुणालाही उपग्रहाचा रेडिओ कुठे आहे म्हणून विचारलं, तर तो घरावरच्या डिशकडे बोट दाखवील, नाहीतर ‘असं काही असते काय बाप्पा?’ म्हणून उलट आपल्यालाच विचारील. पण उपग्रहावरून आलेला आवाज या तालुक्यानं डिशच्या कितीतरी आधीपासून ऐकला आहे. दिल्लीच्या बातम्या प्रादेशिक केंद्रांना पूर्वी शॉर्टवेव्हवर पकडून नाहीतर टेलिफोनच्या तारेवरून घेऊन पुन्हा प्रक्षेपित कराव्या लागत. त्या खरखरीची आठवण जुन्या श्रोत्यांना नक्की असेल. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी आकाशात गेला आणि पुढच्या काही वर्षांत आकाशवाणीनं आपली केंद्रं उपग्रहानं जोडली. दिल्लीचा आवाज वर जायचा, केंद्राच्या मोठ्या डिशमध्ये उतरायचा आणि तिथून साध्या लहरींवर गावोगाव पसरायचा. ऐकणाऱ्याला नवा संच घ्यावा लागला नाही, वर्गणी भरावी लागली नाही. माझ्या मते वऱ्हाडातल्या श्रोत्याचा उपग्रहानं केलेला सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि त्याची जाहिरात कधी कुणी केली नाही.

दुसरी गोष्टही दिल्लीहून येणाऱ्या आवाजाचीच, पण रात्रीची. काटेपूर्णा अभयारण्याच्या आसपास ज्यांची वावरं आहेत त्यांना जागल काही नवी नाही. रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत हरभऱ्याची वाट लावतात. मचाणावर बॅटरी, काठी, कांबळ आणि रेडिओ एवढा सरंजाम असतो. रेडिओ करमणुकीसाठी तर असतोच, पण माणसाचा आवाज चालू राहिला की जनावरही थोडं बिचकतं. अशा रात्रींसाठीच जणू आकाशवाणीनं १८ मे १९८८ रोजी राष्ट्रीय वाहिनी सुरू केली होती. कार्यक्रम दिल्लीचे, प्रक्षेपण नागपूरच्या एक हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, १५६६ किलोहर्ट्झवर, रात्रभर. मध्यमलहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, पण रात्री आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावर, आपटून शेकडो मैल जातात. एका नागपुरावरून रात्री निम्म्याहून जास्त देश गाठता आला तो यामुळेच. ही वाहिनी आता बंद झाली आहे. खर्चाचा हिशेब मला कळतो, पण जागलीवरच्या माणसाला विचारून तो केला असेल असं वाटत नाही.

ज्याला खऱ्या अर्थानं उपग्रह डिजिटल रेडिओ म्हणता येईल, म्हणजे मध्ये कुठलंही केंद्र न ठेवता आकाशातून थेट श्रोत्याच्या संचात उतरणारा, तो आपल्याकडे वर्ल्डस्पेसनं आणला. नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या वकिलानं १९९० साली ही कंपनी काढली. आफ्रिका आणि आशियातल्या ज्या गावांपर्यंत माहिती पोचत नाही तिथे ती आकाशातून पोचवायची, असा मूळ विचार. ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘आफ्रिस्टार’ आणि मार्च २००० मध्ये ‘एशियास्टार’ हे उपग्रह सोडले गेले. एशियास्टार विषुववृत्ताच्या वर, १०५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर होता. पृथ्वीच्याच गतीनं फिरत असल्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो एका जागी थांबलेला.

बार्शीटाकळीतून तो कुठे दिसला असता? डोळ्यांनी कुठेच नाही, पण हिशेब केला तर आग्नेयेला, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर. संचासोबत तळहाताएवढा चपटा अँटेना मिळायचा. तो खिडकीत किंवा गच्चीवर ठेवून त्या दिशेला वळवायचा आणि संचावरचा सिग्नलचा आकडा वाढतो का ते पाहत बोट बोट सरकवायचा. एकदा जमलं की आवाज असा यायचा की मध्यमलहरींवर वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा तो खोटाच वाटावा. घुंऽऽ नाही, खरखर नाही, रात्री मध्येच घुसणारं परदेशी केंद्र नाही. कारण साधं आहे. जुन्या पद्धतीत आवाजाची लहर जशीच्या तशी वाहून येते, त्यामुळे वाटेत चिकटलेली घाणही सोबत येते. डिजिटलमध्ये येतात ते नुसते आकडे, आणि वाटेत चार आकडे बिघडले तर ते दुरुस्त करता यावेत म्हणून जादा आकडे सोबतच पाठवलेले असतात. संचाला दुरुस्ती जमेल तोवर आवाज निर्मळ. जमेनासं झालं की एकदम चिडीचूप. मधली अवस्था जवळपास नसतेच.

आणि निवड! हिंदुस्थानी संगीतासाठी ‘गंधर्व’, कर्नाटक संगीतासाठी ‘श्रुती’, जुन्या हिंदी गाण्यांसाठी ‘फरिश्ता’, अशा चोवीस तासांच्या वाहिन्या होत्या, मराठीचीही होती. तालुक्याच्या गावी राहून रात्री अकरा वाजता एखादा अख्खा ख्याल, मध्ये जाहिरात न येता ऐकायला मिळणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मैफलीसाठी अकोला-अमरावती गाठावी लागणाऱ्या रसिकाला याची किंमत नीट कळेल. ए. आर. रहमाननं सेवेसाठी धून केली, कंपनीचे बहुतेक वर्गणीदार भारतातलेच निघाले, आणि तरीही ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा थांबली. हजारो रुपयांचे संच घरोघर मुके झाले. 

कारणं अनेक सांगितली जातात, त्यातलं एक मला महत्त्वाचं वाटतं. उपग्रहाच्या लहरींना आकाश उघडं लागतं. भिंत, छप्पर, दाट झाड आड आलं की संपलं. अमेरिकेत एक्सएमनं २००१ साली आणि सिरियसनं २००२ साली अशीच सेवा सुरू केली, पण तिथे तिचा खरा गिऱ्हाईक मोटार चालवणारा होता. शहरात इमारतींआड सिग्नल जाऊ नये म्हणून त्यांनी जमिनीवर सहायक ट्रान्समीटर उभारले. २००८ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि ती सेवा आजही चालू आहे. आपल्याकडे असे जमिनीवरचे ट्रान्समीटर उभारायचे तर सरकारी धोरण हवं होतं. दूरसंचार नियामकाच्या शिफारशी २००५ साली आल्या, धोरण काही ठरलं नाही. मग हा रेडिओ खिडकीला बांधलेला राहिला, आणि खिडकीला बांधलेला रेडिओ वऱ्हाडात निम्म्या कामाचा. कपाशी वेचताना, सोयाबीन सोंगताना धुऱ्यावर बाभळीच्या फांदीला अडकवता येतो तो रेडिओ. तो माणसामागे फिरतो, म्हणून तर टीव्ही आल्यावरही टिकला.

वर्ल्डस्पेस गेलं तरी उपग्रहाचा रेडिओ गेला नाही. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या फुकट डिश सेवेवर, म्हणजे आजच्या ‘फ्री डिश’वर, आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या येतात. महिन्याचा रिचार्ज नाही. रिमोटवर रेडिओचा भाग उघडला की विविध भारती स्वच्छ वाजते. पण त्यासाठी टीव्ही चालू ठेवावा लागतो. पडद्यावर काहीच हलत नसताना टीव्ही चालू पाहून घरातलं कुणीतरी येऊन तो बंद करतं, हा अनुभव किती घरांचा असेल!

उपग्रहाला आणखी एक गोष्ट जमत नाही. एका झोतात अर्धा आशिया भिजवणाऱ्या यंत्रानं बार्शीटाकळीपुरतं बोलायचं कसं? महानच्या धरणातून पाणी केव्हा सुटणार, अकोल्याच्या बाजार समितीत तुरीला काय भाव निघाला, कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ बोंडअळीवर काय सांगतात, हे ऐकायला अकोल्याचंच केंद्र लागतं. महाराष्ट्राला हे १९५६ सालीच उमगलं होतं. पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं केली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर गावातच चर्चा करायची आणि शंका केंद्राला पाठवायच्या. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा या मंडळांच्या गावांत माहिती कितीतरी जास्त मुरली, असं पाहणीत दिसलं. सगळ्या गावांपर्यंत एकच आवाज पोचवणं आणि त्या आवाजाला गावानं उत्तर देणं, ही दोन निराळी कामं आहेत. उपग्रह पहिलं काम उत्तम करतो.

आता ऐकणं फोनवर आलं आहे. आकाशवाणीचं ‘न्यूज ऑन एअर’ ॲप घेतलं की पुणे, मुंबई, नागपूर सगळं हातात. वर्ल्डस्पेसनं जे पैसे घेऊन दिलं त्यापेक्षा निवड कितीतरी मोठी. फक्त डेटा लागतो आणि टॉवर लागतो. फोनमध्ये एफएमची सोय असेल तर दोन्ही लागत नाहीत, इअरफोनची वायरच अँटेना होते. पण नव्या फोनांतून ती सोय गुपचूप गळायला लागली, तेव्हा २०२३ साली केंद्र सरकारला फोन बनवणाऱ्या कंपन्यांना ती चालू ठेवण्याची सूचना करावी लागली. दुसरीकडे आकाशवाणीनं मध्यमलहरींचे बरेच ट्रान्समीटर डीआरएम या डिजिटल पद्धतीचे केले आहेत. उपग्रहासारखाच निर्मळ आवाज, तोही जमिनीवरून, छपराखाली आणि झाडाखाली. नव्या काही मोटारींत हे संच बसून येतात. हाती धरायचा स्वस्त संच मात्र अजून अकोल्याच्या दुकानात सहज मिळत नाही, आणि तो मिळेपर्यंत मचाणावरच्या माणसाला जुना ट्रान्झिस्टरच बरा.