वजन किती भरलं?

बाळ झाल्याचा फोन आला की आपला पहिला प्रश्न, ‘मुलगा की मुलगी?’ आणि दुसरा, ‘वजन किती भरलं?’ या दुसऱ्या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध. मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आहे. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेल्या निदानाला जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-१०’ या यादीतला कोड द्यायचा, हे माझं काम.

जन्माचं वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी, की बाळ ‘कमी वजनाचं’. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अशी होती. पण सगळी लहान बाळं सारखी नसतात.

मागे एक सासूबाई सुनेला घेऊन कागद न्यायला आल्या. म्हणाल्या, ‘‘ताई, थोरलीचं बाळही दोन किलोचंच होतं की! ते चौथ्या दिवशी घरी आलं. मग हिचंच एवढे दिवस पेटीत का ठेवलं?’’

उत्तर कार्डावरच होतं. थोरलीचे दिवस पूर्ण भरले होते, पोटात बाळाची वाढ तेवढी कमी झाली. आईचं रक्त कमी असणं, बीपी वाढणं, मिश्री-तंबाखू अशी त्याची कारणं असतात. त्याचा कोड पी ०५. धाकटीचं बाळ १९०० ग्रॅमचं, पण ३३व्या आठवड्यातच आलेलं. ३७ आठवडे भरण्याआधी आलेल्या अशा बाळाचा कोड पी ०७. त्याला धड ओढून पिता येत नाही, अंगात ऊब टिकत नाही, कधी श्वासही अडखळतो.

शिवाय डोळे! ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं, तर ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. वेळ टळली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. कार्डावर नुसतं ‘लो बर्थ वेट’ लिहिलं आणि आठवडे लिहिलेच नाहीत, तर पुढच्या डॉक्टरांना हे कळणार कसं?

दुसरी गंमत ‘अडीच’ची. २४६० ग्रॅमचं बाळ, पण लिहिताना सरळ ‘अडीच किलो’! ४० ग्रॅमचा तो काय फरक, असं वाटतं. पण तेवढ्यानं बाळ कमी वजनाच्या यादीतून बाहेर पडतं, आणि जादा लक्ष द्यायचं राहून जातं. वजनही शक्यतो पहिल्या तासाभरातलं हवं, कारण पहिल्या काही दिवसांत ते थोडं उतरतंच.

म्हणून डिस्चार्जच्या घाईतही तीन गोष्टी बघाच. वजन ग्रॅममध्ये लिहिलंय का, आठवडे लिहिलेत का, आणि निदान स्पष्ट आहे का. नसेल तर सिस्टरना सांगा, ‘‘सिस्टर, एवढं लिहून द्या ना.’’ त्यात लाजायचं काय? विम्याच्या क्लेम फॉर्मवरही कोडचा रकाना असतो. सरकारी रुग्णालयात आजारी बाळावर एक वर्षापर्यंत मोफत उपचार होतात, तिथेही हेच कार्ड दाखवायचं. घरी येणाऱ्या आशाताईंनाही ते आवर्जून वाचायला द्या.

बाळाच्या झबल्या-टोपड्यांइतकंच हे कार्डही जपून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत, लसीकरणाच्या कार्डासोबत!